निशिवाकी-सानांचं योशी

निशिवाकी-सान घाबरट आहेत, हे आधीच सांगून टाकते. आमच्या खोऱ्यात त्यांच्याइतका घाबरट माणूस दुसरा सापडायचा नाही, आणि नेमका हाच माणूस विजेच्या यंत्रांत हात घालतो. आभाळ गडगडले की आमच्याकडची म्हातारी माणसे वीज अंगावर पडू नये म्हणून ‘कुवाबारा, कुवाबारा’ असे पुटपुटतात. निशिवाकी-सान ते इस्त्रीचा प्लग लावतानाही पुटपुटतात. यावर सगळे खोरे हसते. मीही हसत असे.

मी या खोऱ्यातल्या एका जुन्या सराईची ओकामी, म्हणजे मालकीण. लग्न होऊन आले तेव्हापासून इथले पाणी, इथला बर्फ आणि इथली माणसे सोसते आहे. डोंगरातून गंधकाचे गरम पाणी येते, त्यात डुंबायला लांबून लोक येतात. त्या पाण्याने माणसांचे सांधे मोकळे होतात आणि यंत्रांचे धरतात. हवेतच गंधक. टीव्ही, फ्रिज, भात शिजवायचे भांडे, काहीही आणा, दोन-तीन हिवाळ्यांत त्याच्या पोटातल्या तारा काळ्या पडतात. चांदी तर इथे टिकतच नाही. हे मला कोणी आधी सांगितले नव्हते. माहेरची चांदीची पिन मी हौसेने केसांत खोचून कुंडावर गेले आणि काळी पिन घेऊन परत आले. सासूबाईंना ते आधीच ठाऊक होते, त्या फक्त मी परत यायची वाट बघत होत्या.

सराईच्या तळमजल्यावर खेळांची खोली आहे. सासऱ्यांनी एके काळी तिथे ओळीने यंत्रे मांडली होती, नाणे टाकून खेळायची. संध्याकाळी आंघोळ करून आलेले पाहुणे सुती किमोनोतच तिथे उभे राहून गोंगाट करायचे. गंधकाने ती यंत्रे एकेक करून खाल्ली. राहिले फक्त एक, ‘शिन्काई’ नावाचा पाणबुडीचा खेळ. माणसाच्या उंचीचे लाकडी कपाट, त्यात जुनी काचेची पिक्चर ट्यूब, आणि त्या ट्यूबमध्ये हिरवा समुद्र. असा समुद्र आता जपानभरात फार थोड्या ठिकाणी चालू आहे म्हणतात. सेंदाईहून, तोक्योहून केस पिकलेले पुरुष तो खेळायला येतात, आणि जाताना कपाटाला नमस्कार करून जातात. आमच्या मासळीची कोणी एवढी आठवण काढत नाही. अशा ट्यूब कोणी बनवत नाही आता. ही गेली की समुद्र गेला.

तो समुद्र इतकी वर्षे जिवंत ठेवला तो निशिवाकी-सानांनी. नाव तामोत्सु, पण त्यांना नावाने हाक मारणारी माणसे आता उरलेली नाहीत. खोऱ्याच्या वरच्या टोकाला कोळसा पाडणाऱ्याच्या घरात जन्म. त्या घरात वीज पोचली तेव्हा हे शाळेत जायला लागले होते. पहिल्या रात्री दिवा लागला आणि आईने मुलांना दिव्यापासून लांब, भिंतीशी झोपवले, असे ते सांगतात. पुढे मामाच्या रेडिओच्या दुकानात डाग द्यायला, म्हणजे सोल्डर करायला शिकले, आणि मग रेल्वेत लागले. डोंगरातून जाणारी एका डब्याची गाडी वर्षानुवर्षे चालवली. माझी सासू त्या गाडीने दवाखान्यात जायची. ती म्हणायची, हा माणूस गाडी इतकी जपून चालवतो की जणू आपणच रुळांवर झोपलाय.

नोकरी सोडून आल्यावर ते आमच्याकडे यंत्र बघायला लागले. रेल्वेची एक सवय मात्र त्यांनी बरोबर आणली. प्रत्येक कामाला आधी हात लांब करून बोट दाखवायचे, आणि मोठ्याने म्हणायचे. “प्लग काढला, योशी.” “दार उघडलं, योशी.” योशी म्हणजे ठीक, बघितले, पुढे चला. ही सवय काही त्यांच्या एकट्याची नव्हे. आमच्याकडे गाडीवाले, कारखान्यातले, बांधकामावरचे, सगळे बोट दाखवून ओरडतात. माझा स्वयंपाकी रात्री गॅसच्या नळाकडे बोट दाखवून योशी म्हटल्याशिवाय घरी जात नाही. नुसता डोळा फसतो, नुसता हात विसरतो. डोळा, हात, तोंड आणि कान चौघांनी मिळून साक्ष दिली की चूक होत नाही, असे त्यामागचे म्हणणे. लहानपणापासून ऐकत आल्यामुळे आम्हाला त्यात काही वेगळे वाटत नाही.

निशिवाकी-सानांचा आणखी एक नियम होता. यंत्र उघडले की डावा हात खिशात. वीज एका हातातून शिरून दुसऱ्या हाताने बाहेर पडली तर वाटेत काळीज लागते, म्हणून दुसरा हात तिला द्यायचाच नाही. मी त्यांना चिडवायची, की एका हाताने काम करता, मग मजुरीही अर्धी घ्या. ते गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, “अर्धी द्या, पण हात खिशातच राहील.”

मग त्यांना हृदयाचा त्रास झाला. डॉक्टरांनी डाव्या खांद्याच्या हाडाखाली काडेपेटीएवढे यंत्र बसवले, काळजाला ठोका चुकू नये म्हणून. विजेपासून लांब राहा, असे बजावून घरी पाठवले. मला वाटले, संपले आता यांचे काम. पण थोड्या दिवसांनी त्यांची बायको फुसाए-सान माझ्याकडे आली. धुरावलेल्या मुळ्याच्या लोणच्याचा डबा पुढे केला आणि तो माझ्या हातात गेल्यावरही सोडेना.

“ओकामी-सान, त्यांना बोलवा कामाला.”

मला वाटले मी चुकीचे ऐकले. डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला ठाऊक नाही का, असे मी जरा ताडकन विचारले.

“ठाऊक आहे. पण घरी ते भिंतीकडे तोंड करून बसतात. जेवा म्हटलं तर जेवतात, झोपा म्हटलं तर झोपतात. असलं जगणं मला बघवत नाही. फक्त त्यांना एकटं सोडू नका. तेवढं करा.”

बाई डबा देऊन गेली आणि नवरा माझ्या गळ्यात टाकून गेली. रागही आला, आणि नाही म्हणायचे तोंडही राहिले नाही. मी हो म्हटले. त्या दिवसापासून हसणे बंद झाले. माझ्या घरात, माझ्या यंत्रापाशी हा माणूस मेला तर फुसाए-सानच्या डोळ्यांत मी कशी बघणार, याशिवाय मला दुसरे काही सुचत नसे.

आम्ही दोघांनी मिळून काम वाटून घेतले. धोका कशात आहे ते त्यांनी मला एकदा नीट समजावले. पिक्चर ट्यूबच्या पाठीवर एक रबरी टोपी असते, तिच्याखाली हजारो व्होल्टची वीज. प्लग काढला तरी ती जात नाही, काचेत बसून राहते. तिला हाताने उतरवावे लागते. एका स्क्रू ड्रायव्हरला तार बांधायची, तारेच्या दुसऱ्या टोकाचा चिमटा यंत्राच्या लोखंडी सांगाड्याला लावायचा, आणि स्क्रू ड्रायव्हरचे टोक रबरी टोपीखाली सरकवायचे. टच्च असा आवाज होतो. म्हणजे वीज उतरली. थोड्या वेळाने पुन्हा उतरवायची, कारण काचेत मुरलेली थोडी वीज परत वर येते. हा टच्च आवाज ऐकणे माझे काम. ते बोट दाखवून म्हणणार, “वीज उतरली, योशी.” मी आवाज ऐकला असेल तर म्हणायचे, “योशी.” माझे उत्तर आल्याशिवाय त्यांचा हात आत जाणार नाही. असे आमचे ठरले, आणि ठरल्याप्रमाणे चालत होते.

त्या दिवशी बाहेर पहिला बर्फ पडून वितळत होता. सकाळचे पाहुणे निघून गेले होते. दुपारी सेंदाईहून जुन्या शाळासोबत्यांचा गट येणार होता, आणि त्यांनी फोनवर जेवणाआधी शिन्काईचीच चौकशी केली होती. म्हणून मी कधी नव्हे ती वेळेआधीच चांगला किमोनो नेसून, ओबी म्हणजे कंबरेचा रुंद पट्टा कसून तयार झाले होते. खेळांच्या खोलीत यंत्र चालू करायला गेले तर समुद्र नाही. काचेच्या मधोमध एक पांढरी आडवी रेघ, इतकी लख्ख की डोळे दुखावेत.

निशिवाकी-सानांनी येताच आधी उजेड कमी केला. ती रेघ तशीच राहिली तर काचेवर कायमची जळून बसते. मग सांगितले, चित्र वर-खाली पसरवणारा भाग झोपलाय, म्हणून सगळा समुद्र एका रेघेवर येऊन पडलाय. त्यांनी मीटर लावून बघितले, वीज सगळीकडे पोचत होती. थोड्या वेळाने यंत्र तापले आणि समुद्र आपोआप उघडला. पुन्हा मिटला. पुन्हा उघडला. “तडा गेलाय,” ते म्हणाले. “कुठेतरी डागाला तडा गेलाय. गरम झालं की जुळतो, गार झालं की सुटतो.”

तडा डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी यंत्र चालू ठेवून, मागून दार उघडून, एकेका जागी लाकडी चॉपस्टिकने टिचकी मारत जायचे, आणि कोणत्या टिचकीला चित्र हलते ते बघायचे. माणूस मागे, चित्र पुढे, म्हणून मी बायकांच्या कुंडावरचा आरसा आणून पुढे धरला, त्यांना मागून दिसेल असा. आत सगळे चालू. पिक्चर ट्यूबचा बारीक सूर ऐकू येत होता, आणि त्यांची चॉपस्टिक त्या रबरी टोपीच्या आसपास फिरत होती. डावा हात खिशात. मी मनात म्हणत होते, लवकर सापडू दे. बोलायची हिंमत नव्हती, उगाच दचकायचे. ते मात्र बोलत होते, यंत्राशी. “इथे नाही. इथेही नाही. बघू दे बाई, कुठे दुखतंय.”

सापडला. एका टिचकीला समुद्र मिटला, दुसऱ्या टिचकीला उघडला, आणि ते हसले. त्या माणसाला मी फारसे हसताना बघितलेले नाही. आता डागांची पाटी, म्हणजे सर्किट बोर्ड, बाहेर काढून तिथे नवा डाग द्यायचा, एवढेच राहिले होते. पण पाटी काढायची तर रबरी टोपी काढावी लागते.

यंत्र बंद केले, आणि मी आरसा हातात घेऊनच मागे त्यांच्या पाठीशी आले. “प्लग काढला, योशी.” मी प्लग बघितला, जमिनीवर पडला होता. “योशी,” मी म्हटले. त्यांनी भिंतीतल्या खिळ्याला टांगलेली स्क्रू ड्रायव्हरची तार काढली, चिमटा सांगाड्याला लावला, स्क्रू ड्रायव्हर टोपीखाली सरकवला. मी कान देऊन उभी. खोलीच्या भिंतीमागून कुंडाच्या पाण्याचा नळ जातो, त्याचा खळखळाट तेवढा येत होता. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर थोडा फिरवला, काढला, पुन्हा सरकवला. मग बाजूला ठेवला, उजवा हात लांब केला आणि बोट दाखवले.

“वीज उतरली, योशी.”

मला टच्च ऐकू आले नव्हते. नळाच्या आवाजात बुडाले असेल का, असा विचार करत मी गप्प उभी राहिले. विचारावे म्हणून तोंड उघडणार, तेवढ्यात निशिवाकी-सानांनी मान हलवली. माझे उत्तर आले की ते नेहमी हलवतात तशीच, एकदा, खाली. आणि त्यांचा हात टोपीकडे गेला.

मी आरसा टाकून दोन्ही हातांनी त्यांचा कंबरपट्टा मागून धरला आणि ओढले. किती जोराने ते मला सांगता यायचे नाही. आम्ही दोघेही मागे जाऊन बाकावर आदळलो. माझा श्वास गेला होता. त्यांची बोटे अजून चिमटीत धरल्यासारखी हवेत होती.

“काय झालं?” ते म्हणाले.

“मी योशी म्हटलं नव्हतं.”

“म्हटलंत की.”

“नाही म्हटलं. आवाज झाला नाही, मी कशाला म्हणेन?”

“ओकामी-सान, मी ऐकलं.” ते माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, जणू मीच खोटे बोलतेय. “तुमचाच आवाज होता. नेहमीसारखा, जरा वैतागलेला.”

मी पुन्हा नाही म्हटले, या वेळी हळू. तेव्हा त्यांना पटले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला, आणि हात आपोआप खांद्याच्या हाडाखाली, त्या काडेपेटीएवढ्या यंत्रावर गेला.

मग आम्ही चिमटा बघितला. त्याचे दात काळेकुट्ट झाले होते. उन्हाळ्यापासून तार तिथेच खिळ्यावर लटकत होती, आणि आमच्या हवेने आपले काम केले होते. चिमटा लोखंडाला लागलेला दिसत होता, पण मध्ये गंधकाचा थर. विजेला उतरायला वाटच नव्हती. निशिवाकी-सानांनी पॉलिश पेपरने दात घासून चकचकीत केले, सांगाड्यावर जागा घासली, चिमटा लावला. स्क्रू ड्रायव्हर पुन्हा टोपीखाली सरकवला. आणि मग वाळकी फांदी मोडावी तसा कडाड आवाज झाला, निळी ठिणगी उडाली. एवढे सगळे त्यांच्या बोटांसाठी आत थांबले होते.

मी चहा आणला. ते खेळणाऱ्यांच्या स्टुलावर बसले होते. कप ओठांशी नेला, तसाच खाली ठेवला. मग त्यांनी मला रेल्वे का सोडली ते सांगितले. मला वाटत होते वय झाले म्हणून सोडली. तसे नव्हते. एका हिवाळ्यात, बर्फ पडत असताना, एका लहान स्टेशनातून गाडी काढताना त्यांनी सिग्नलकडे बोट दाखवले, “हिरवा, योशी” असे म्हटले, आणि गाडी सुरू केली. सिग्नल तांबडा होता. त्यांनी तो बघितला होता, तांबडाच बघितला होता, आणि तोंडाने हिरवा म्हटले. तोंडाने म्हटले म्हणून डोळ्यालाही हिरवा दिसला. आपोआप लागणारा ब्रेक लागला, गाडी थांबली. समोरून काही येत नव्हते. डब्यात शाळेतून घरी निघालेल्या मुली बसल्या होत्या, त्यांना काही कळलेसुद्धा नाही, त्या हसत होत्या. ते हसणे मागून येत होते आणि हे तांबड्या दिव्याकडे बघत बसले होते. त्यांनी स्वतःच वर कळवले, आणि पुन्हा गाडीला हात लावला नाही.

“तेव्हा डोळ्यानं फसवलं,” ते म्हणाले. “म्हणून इथे कानावर भरवसा ठेवला. माझ्या नाही, तुमच्या. आणि माझा कान तुमचा आवाजसुद्धा आपल्या मनानं काढून मोकळा झाला.”

मी काहीतरी म्हणाले, होते असे कधी कधी, नळाचा आवाज होता. ते ऐकत नव्हते.

“लोक हसतात, मला माहीत आहे. मी घाबरतो म्हणून जिवंत आहे, असं मी मनात म्हणायचो. आता घाबरूनही भागत नाही, ओकामी-सान.”

त्यांनी हत्यारे एकेक करून पुसली, कापडात ठेवली आणि कापडाला गाठ मारली. हळू, व्यवस्थित, नोकरीचा गणवेश परत करावा तशी. मला वाटले ते गाठोडे घेऊन जातील. त्यांनी ते माझ्यासमोर ठेवले आणि वाकून नमस्कार केला. इतके दिवस सांभाळून घेतलेत, म्हणाले.

मी भीतीने रडत नाही, भांडते. मी त्यांना नको नको ते बोलले. यंत्र असे पोट फाडून ठेवून जाता का, दुपारी माणसे येणार त्यांना काय दाखवू, आणि माझी पाठ त्या बाकावर आपटली तिचे काय. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मला खरे तर सेंदाईच्या पाहुण्यांची काहीच पडली नव्हती. मला ती भिंत दिसत होती, फुसाए-सानच्या घरची, आणि तिच्याकडे तोंड करून बसलेला हा माणूस. आज असा उठून गेला तर तो त्या भिंतीपासून पुन्हा हलायचा नाही, हे मला लख्ख कळत होते.

मी गाठ सोडली आणि स्क्रू ड्रायव्हर उचलला.

“खाली ठेवा ते,” निशिवाकी-सान म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा हुकूम केला.

“तुम्ही सांगा, मी करते. तुमच्या छातीत यंत्र आहे, माझ्या नाही.”

ते उठून उभे राहिले. नाही म्हणाले, पुन्हा नाही म्हणाले. मग मी चुकीच्या बाजूने जायला लागले तेव्हा त्यांना राहवेना. “तिकडून नाही. आधी अंगठी काढा. बाह्या बांधा, लोंबताहेत.” मी दोरीने बाह्या मागे बांधल्या, अंगठी काढून स्टुलावर ठेवली. किमोनोला खिसा नाही, म्हणून डावा हात पाठीमागे ओबीत खोचला. चिमटा हलवून बघितला, पक्का होता. स्क्रू ड्रायव्हर टोपीखाली सरकवला. बारीकसे टच्च झाले. काचेत मुरलेली वर आली होती ती. थांबले, पुन्हा सरकवला. आवाज नाही. पुन्हा सरकवला, आवाज नाही. आता आत काही नसणार, हे मला कळत होते. पण थोड्या वेळापूर्वी याच जागी आवाज आला नव्हता तेव्हा आत सगळेच होते.

“वीज उतरली,” मी बोट दाखवून म्हटले. “आता तुम्ही म्हणा.”

मागून उत्तर नाही. मी वळून बघितले. निशिवाकी-सानांचे ओठ हलत होते, पण शब्द बाहेर येत नव्हता. तो शब्द त्यांनी म्हटला की त्याच्या भरवशावर माझा हात आत जाणार होता, आणि त्या शब्दाने त्यांना दोनदा दगा दिला होता. मी थांबले. नळातले पाणी खळखळत होते. नको म्हणावे, उद्या शहरातून कोणाला तरी बोलवावे, असे माझ्या अगदी ओठांवर आले होते.

तेवढ्यात कंबरेला ओढ बसली. त्यांनी पुढे येऊन मागून माझा ओबी धरला होता, दोन्ही मुठींनी. खिशातला डावा हातसुद्धा बाहेर आला होता.

“सोडा,” मी म्हटले. “मला काही झालं तर तुमच्यातूनही जाईल. शॉक लागलेल्या माणसाला धरायचं नसतं, तुम्हालाच सगळ्यांत जास्त माहीत.”

“माहीत आहे.”

“मग सोडा. फुसाए-सानला मी काय सांगू?”

त्यांनी ओबीवरची पकड आणखी घट्ट केली.

“धरलंय,” ते म्हणाले. “घाला हात.”

मी हात आत घातला. रबर थंडगार होते आणि जरासे चिकट. दोन बोटांनी कड उचलली, आतली तारेची आकडी दाबली, टोपी सुटून माझ्या हातात आली. झाले, मी म्हटले, निघाली. तरी त्यांनी ओबी सोडला नाही.